कांजिण्या सातव्या वर्षी, नागीण अडुसष्टाव्या वर्षी: मधली ६१ वर्षं विषाणू पकडला का गेला नाही?

शेवंती

मागच्या महिन्यात माझ्या आत्याला नागीण झाली. मी पोचले तेव्हा तिने उजव्या कुशीवर गेरू लावून घेतला होता. गेरू वाळून त्याला भेगा गेल्या होत्या आणि भेगांमधून पाण्याने भरलेले बारीक फोड दिसत होते, घोसासारखे एकमेकांना चिकटलेले. पट्टा कुशीतून निघून पाठीच्या कण्याशी येऊन थांबला होता. शेजारच्या काकूंनी तिला घाबरवून सोडलं होतं, की नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस हाती लागत नाही. तोंडं सहसा जुळतच नाहीत, कारण विषाणू एका बाजूच्या एका मज्जातंतूतून बाहेर येतो आणि त्या तंतूची हद्द शरीराच्या मधल्या रेषेपाशी संपते. डॉक्टरांकडे वेळेत नेलं, पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या, आता बरी आहे.

पण तिने मला जे विचारलं ते डोक्यातून जात नाही. "मला कांजिण्या आल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. आई कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायची. तोच विषाणू तेव्हापासून अंगात आहे म्हणतेस, मग इतकी वर्षं माझं शरीर काय झोपलं होतं का गं?"

तेव्हा मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं. माझी पीएच.डी. याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूवर, सायटोमेगॅलोव्हायरसवर झाली, त्यामुळे अर्धवट उत्तराची टोचणी जास्त लागली. म्हणून इथे नीट लिहिते.

आधी हे कूळ. माणसाला होणारे हर्पिस विषाणू नऊ: ओठांवर आणि जननेंद्रियांवर फोड आणणारे हर्पिस सिम्प्लेक्स १ आणि २, कांजिण्या-नागिणीचा व्हॅरिसेला झोस्टर, एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो, सहाव्याचे अ आणि ब असे दोन, सातवा, आणि कापोसी सार्कोमा या कर्करोगाशी जोडलेला आठवा. एकदा शिरले की यातला एकही जन्मभर जात नाही. कांजिण्यांचा विषाणूच पुढे नागीण होऊन उठतो, हे इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने, एडगर होप-सिम्पसनने, १९६५ साली नेटकेपणाने मांडलं. १६ वर्षं स्वतःच्याच दवाखान्यातले नागिणीचे रुग्ण तो टिपून ठेवत होता. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता शरीराची बाजू. आपल्याकडे घरात नवीन काही केलं किंवा शेतातलं पहिलं पीक आलं की शेजारी वाणवळा जातो. वाटीभरच, पण त्यावरून घरात काय शिजलं ते आळीला कळतं. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी अखंड हेच करते. आत जी जी प्रथिनं तयार होतात, त्यांतली काही प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात बारीक चिरली जातात. आठ ते दहा अमिनो आम्लांचे ते तुकडे टॅप नावाच्या एका अरुंद दारातून आंतर्द्रव्यजालिकेत जातात. तिथे वाटी तयार असते, म्हणजे एमएचसी वर्ग-१ हा रेणू. माणसात याच रेणूंना एचएलए म्हणतात. मूत्रपिंड बदलताना जुळतं का बघतात ते हेच. तुकडा वाटीत बसला की वाटी गॉल्गी संकुलातून पेशीच्या पृष्ठभागावर येते. बाहेर प्रतिकारशक्तीच्या मारक टी पेशी फिरत असतात. त्या वाटीतला तुकडा चाचपतात. घरचाच असेल तर पुढे जातात, परका निघाला तर ती पेशी मारतात. विषाणू पेशीच्या आत कितीही खोल दडला तरी त्याला प्रथिनं करावीच लागतात, आणि प्रथिन केलं की त्याचा वाणवळा दारात येतो.

यातून सुटायचे दोन मार्ग: स्वयंपाकच करायचा नाही, किंवा वाणवळा दारापर्यंत पोचू द्यायचा नाही. हर्पिस कुळाने दोन्ही साधले आहेत.

पहिला मार्ग सोपा. आत्याच्या कण्याशेजारच्या चेतापेशीत विषाणूचा डीएनए ६१ वर्षं जवळजवळ मुका पडून होता. प्रथिन नाही, म्हणून तुकडा नाही. त्यात चेतापेशी मुळातच एमएचसी वर्ग-१ फार कमी दाखवतात. तिथे शरीर झोपलेलं नव्हतं, त्याला बघायला काही नव्हतं. एपस्टाइन-बारची अडचण जास्त होती. तो विभागणाऱ्या बी पेशींत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींत) राहतो आणि विभाजनात आपला डीएनए हरवू नये म्हणून त्याला ईबीएनए-१ हे एक प्रथिन करावंच लागतं. त्या प्रथिनात ग्लायसीन आणि अ‍ॅलनीन या दोनच अमिनो आम्लांची लांबच लांब माळ आहे. त्या माळेमुळे ते प्रोटिअसोममध्ये नीट चिरलं जात नाही आणि तयारही बेताबेतानेच होतं.

दुसऱ्या मार्गात माझी खरी गुंतवणूक आहे. विषाणू जागा झाला की त्याला डझनावारी प्रथिनं करावी लागतात. तेव्हा मुकं राहून चालत नाही. हर्पिस सिम्प्लेक्स त्यासाठी पेशीत शिरल्या शिरल्या आयसीपी४७ नावाचं ८८ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन करतो. ते टॅपच्या दारात अडकतं. १९९४-९५ मध्ये हे कळलं, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ज्यू चेन यांच्या प्रयोगशाळेने गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी वापरून ते प्रत्यक्ष दाखवलं: केसांच्या पिनेसारखं दुमडलेलं आयसीपी४७ टॅपच्या पोकळीत घट्ट रुतलेलं. मी ते चित्र कितीदा पाहिलं असेल, सांगता येत नाही.

सायटोमेगॅलो तेच दार बंद करतो, पण पलीकडून. त्याचं यूएस६ जालिकेच्या आतल्या बाजूने टॅपला धरतं आणि टॅपला लागणारी एटीपीची ऊर्जा तोडतं. एपस्टाइन-बारचं बीएनएलएफ२ए, तेही जेमतेम ६० अमिनो आम्लांचं, टॅपच अडवतं. ही तीन प्रथिनं दिसायला एकमेकांसारखी अजिबात नाहीत. एकाच दारापाशी तिघे तीन वाटांनी पोचले.

सायटोमेगॅलो एवढ्यावर थांबत नाही. यूएस३ भरलेल्या वाट्या जालिकेतच रोखून धरतं. यूएस२ आणि यूएस११ तर नुकतीच घडलेली वाटी जालिकेतून उलटी ओढून पेशीरसात आणतात आणि प्रोटिअसोमकडे देतात. कापोसीवाल्या विषाणूची के३ आणि के५ ही प्रथिनं पृष्ठभागावर पोचलेल्या वाट्यांवर युबिक्विटिनचा शिक्का मारून त्या आत खेचतात. आणि आत्याच्या विषाणूत ओआरएफ६६ नावाचं प्रथिन वाट्यांना गॉल्गीत अडकवून ठेवतं.

आत्याला मी आता एवढंच सांगेन: शरीर झोपलं नव्हतं. दारात वाटीच आली नाही.

---

बाराखडी

शेवंतीताई, वाणवळा अगदी चपखल बसला. आमच्या घरी हा शब्द आजी गेल्यापासून कुणी उच्चारला नव्हता.

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. हर्पिस हा शब्द ग्रीक 'हर्पेइन' म्हणजे सरपटणे यावरून आला. लॅटिनमधलं 'सर्पेरे' आणि आपला 'सृप्' धातू ही त्याचीच भावंडं. सर्प त्यातूनच. आयुर्वेदात त्वचेवर पसरत जाणाऱ्या एका विकाराला विसर्प म्हणतात, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर अख्खा अध्याय आहे. विसर्प म्हणजे आजची नागीणच असं मी म्हणत नाही, त्यात बरेच विकार येतात. पण ग्रीक वैद्य, आपले वैद्य आणि गावातल्या म्हाताऱ्या, तिघांनाही त्वचेवर सरपटणारंच काहीतरी दिसलं, याचं मला नवल वाटतं.

---

नदीकाठ

दोनदा वाचला. शाळेत आंतर्द्रव्यजालिका पाठ केली होती ती इतक्या वर्षांनी कामाला आली :)

दोन शंका. एक, वाणवळा बाहेर येतच नसेल तर शरीराला या विषाणूंची ओळख होते तरी कशी? ओठांवरचे फोड तर आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप बरे होतात. दोन, ज्या घरातून वाणवळाच येत नाही त्या घराबद्दल आळीत कुजबुज होणारच की. शरीरात तसं कुणी नाही का?

---

शेवंती

@बाराखडी, हे मला माहीत नव्हतं. आत्याला वाचून दाखवते.

@नदीकाठ, दुसऱ्या शंकेपासून सुरू करते, कारण स्वीडनच्या क्लास केरे यांनी हाच विचार केला होता. १९८६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, स्वतःची वाटी न दाखवणाऱ्या पेशींना मारतात. टी पेशी परकं काही दिसलं की उठते, एनके पेशी आपलं काही दिसलं नाही की उठते. म्हणजे सगळ्या वाट्या फोडणारा विषाणू टी पेशीच्या हातून सुटतो आणि एनकेच्या हातात सापडतो.

यावर सायटोमेगॅलोने जे केलं आहे ते वाचून पहिल्यांदा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. एचएलए-ई नावाची एक वेगळी वाटी असते. तिच्यात बहुतेक वेळा एकाच प्रकारचा तुकडा बसतो: इतर एचएलए रेणू तयार होताना त्यांच्या सुरुवातीचा जो भाग कापून टाकला जातो, तो. म्हणजे एचएलए-ई दारात दिसली याचा अर्थ आतमध्ये वाट्या घडवण्याचं काम चालू आहे. एनके पेशी तिला आपल्या सीडी९४ आणि एनकेजी२ए या ग्राहकांच्या (रिसेप्टरांच्या) जोडीने ओळखते आणि शांत होते. सायटोमेगॅलोच्या यूएल४० या प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागात नऊ अमिनो आम्लांचा हुबेहूब तोच तुकडा आहे, एचएलए-सीमध्ये असतो तोच, अक्षर न अक्षर. हा तुकडा एचएलए-ईत बसायला टॅपचं दार लागत नाही. विषाणूने स्वतःच यूएस६ने टॅप बंद केलेलं असतं, तरी ही एक वाटी भरून दारात जाते. वर यूएल१८ हा एमएचसीसारखाच दिसणारा स्वतःचा रेणू आहे, तो प्रतिकारपेशींवरच्या एलआयआर-१ या शांत करणाऱ्या ग्राहकाला खऱ्या एमएचसीपेक्षा हजारपटीहून घट्ट धरतो. आणि यूएल१६ पेशीने धोक्याची सूचना म्हणून काढलेले रेणू आतच दाबून ठेवतं.

शरीरही हात बांधून बसत नाही. सायटोमेगॅलो झालेल्या अनेकांच्या रक्तात एनकेजी२सी हा उठवणारा ग्राहक असलेल्या एनके पेशींची संख्या वाढलेली दिसते. एचएलए-ईची तीच वाटी बघून एनकेजी२ए गप्प बसतो आणि एनकेजी२सी पेटून उठतो.

पहिली शंका. विषाणू शिरलेल्या पेशी गप्प असतात, पण त्या मरतात, फुटतात. डेंड्रायटिक पेशी, ज्यांच्यात विषाणू शिरलेलाच नाही, त्या हे अवशेष गिळतात, चिरतात आणि स्वतःच्या वाटीत घालून लिम्फ गाठींमध्ये टी पेशींना दाखवतात. यांच्या आत यूएस११ नाही, आयसीपी४७ नाही, यांचं कुणी काही अडवत नाही. मायकेल बेव्हन यांनी १९७६ मध्ये हा मार्ग दाखवला. म्हणून टी पेशी भरपूर तयार होतात. सायटोमेगॅलो असलेल्या माणसाच्या स्मृती टी पेशींपैकी सरासरी १० टक्के पेशी या एकाच विषाणूवर रोखलेल्या असतात, असं २००५ साली मोजलं गेलं. एका विषाणूसाठी सैन्याचा दहावा हिस्सा, आणि तरी विषाणू जात नाही.

शिवाय या युक्त्या काही तासांपुरत्याच पुरतात. लढाईच्या जागी इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकारपेशींचा इशारा देणारा रेणू सुटला की पेशी टॅप आणि वाट्या इतक्या वाढवते की आयसीपी४७ तोकडं पडतं. फोड बरे होतात ते असे. पण तेवढ्या तासांत विषाणूची पुढची पिढी बाहेर पडलेली असते.

---

गोठ्यावरचा

मी पशुवैद्यक आहे, सांगलीकडे काम करतो. माणसांच्या डॉक्टरांच्या धाग्यात सहसा बोलत नाही, पण इथे राहवलं नाही.

आमच्याकडे गायी-म्हशींत आयबीआर नावाचा आजार आहे. तोही हर्पिसच, बोव्हाइन हर्पिस विषाणू-१. नाकातून स्राव, ताप, गाभण जनावर गाभडणं. बरं झालेलं जनावर चारचौघांसारखं दिसतं, पण विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन बसलेला असतो. गाडीतून लांबचा प्रवास झाला, वेत अवघड गेलं किंवा कुणी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलं, की पुन्हा बाहेर. म्हणून गोठीत रेतन केंद्रात, म्हणजे वळूचं वीर्य गोठवून ठेवतात तिथे, वळू घ्यायचा तर आयबीआरची तपासणी लागते.

एकदा एका शेतकऱ्याचा खिलार वळू तपासणीत पॉझिटिव्ह आला. काय जनावर होतं! पांढराशुभ्र, शिंगं मागे वळलेली, खांदा असा की हात पुरू नये. माणूस मला म्हणाला, "डॉक्टर, याला आयुष्यात शिंक आली नाही. ह्यो बाद कसा?" मी त्याला तेव्हा सांगितलं की आजार आत आहे. त्याने वळूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आत असता तर त्याच्या अंगानं काढला असता की भाईर." आज शेवंतीताईंच्या आत्यांचा प्रश्न वाचला आणि तो माणूस आठवला. दोघांचा प्रश्न एकच आहे.

त्यात भर म्हणून: आमच्या या विषाणूतसुद्धा टॅपला धरणारं प्रथिन आहे, यूएल४९.५. ते नुसतं दार अडवत नाही, टॅप मोडीतच काढतं, प्रोटिअसोमकडून फस्त करवतं. म्हणजे ताईंच्या तिघांत आमचा चौथा.

आणि एक अभिमानाची गोष्ट. टी पेशी विषाणूचा तुकडा आणि आपली वाटी दोन्ही एकदम बघते, हे १९७४ मध्ये कॅनबेराला उंदरांवर दाखवणाऱ्या दोघांपैकी पीटर डोहर्टी हे पशुवैद्यक. दुसरे रोल्फ झिंकरनागेल. १९९६चं नोबेल दोघांना मिळून.

---

टिपणवही

धागा उत्तम, वाचनखूण साठवली आहे. एक हरकत नोंदवते. "युक्ती", "साधले", "करतो", "थांबत नाही" असे शब्द वाचताना विषाणूला डोकं आहे असं वाटायला लागतं. नऊच्या नऊ अमिनो आम्लं जुळणं हे योजनेशिवाय कसं होईल? मी विज्ञानाची नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

---

शेवंती

@टिपणवही, हरकत रास्त आहे. विषाणूला काही कळत नाही. हे विषाणू माणूस माणूस होण्याच्या आधीपासून आपल्या पूर्वजांबरोबर आहेत. दर पिढीत डीएनएची नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका मुकाट्याने मरतात. एखाद्या चुकीमुळे विषाणूला पेशीत दोन तास जास्त मिळाले तर ती टिकते. कधी विषाणूत यजमानाचा एखादा जनुकच शिरतो: यूएल१८ एमएचसीशी इतकं मिळतंजुळतं आहे की ते आपल्याच पूर्वजांकडून उचललेलं असावं असं मानतात.

हे शहाणपण नाही, झिजून झिजून बसलेलं माप आहे, याचा एक पुरावा मला फार आवडतो. आयसीपी४७ माणसाच्या टॅपमध्ये घट्ट बसतं, पण उंदराच्या टॅपवर त्याचा जोर फारच कमी पडतो. कारण ते माणसाच्या दाराला घासून घासून तयार झालं आहे. यामुळे उंदरांवरच्या हर्पिसच्या कित्येक प्रयोगांत ही अख्खी युक्तीच दिसत नाही. विद्यार्थ्यांनी हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावं.

झीज कशी दिसते ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एक जुना प्रयोग पुन्हा करायचा होता. यूएस११ असलेल्या पेशींना किरणोत्सारी गंधक असलेलं मिथिओनीन काही मिनिटं द्यायचं, म्हणजे त्या मिनिटांत जन्मलेली प्रथिनंच खुणेची होतात. मग साधं मिथिओनीन देऊन थोड्या थोड्या वेळाने पेशी फोडायच्या, वाटीच्या जड साखळीला, म्हणजे वाटीच्या मुख्य प्रथिनाला, प्रतिपिंडाने पकडायचं, जेलवर चालवायचं आणि एक्स-रे फिल्म लावून उणे ८० अंशांत ठेवायचं. चार दिवसांनी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुतली. साध्या पेशींत साखळीची काळी पट्टी सगळ्या वेळांना सारखी. यूएस११च्या पेशींत शून्य मिनिटाला पट्टी आहे, पुढच्या वेळेला फिकी, त्याच्या पुढे कोरी फिल्म. आणि ज्या नळीत प्रोटिअसोम बंद करणारं रसायन घातलं होतं, तिथे पट्टी परत आली होती, पण थोडी खाली सरकलेली. खाली का? जालिकेत साखळीला साखरेची एक फांदी जोडलेली असते. साखळी उलटी पेशीरसात ओढली गेली की तिथलं एन्झाइम ती फांदी तोडतं, वजन कमी होतं, पट्टी खाली येते. ते एवढंसं अंतर म्हणजे साखळी जालिकेतून बाहेर ओढली गेल्याची खूण. १९९६ मध्ये इमॅन्युएल वीर्ट्झ, हिडे प्लूख आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं. जालिकेतून प्रथिन मागे पेशीरसात येऊ शकतं हे तोवर बहुतेकांच्या कल्पनेत नव्हतं. त्याच सुमारास यीस्टवर काम करणाऱ्यांनाही ते दिसलं, आणि मग कळलं की बिघडलेली प्रथिनं टाकून द्यायची पेशीची रोजची वाटच ती आहे. विषाणूने नवीन काही बांधलं नव्हतं, कचऱ्याच्या वाटेने चांगल्या वाट्या ढकलल्या होत्या.

@गोठ्यावरचा, खिलारचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. यूएल४९.५चं मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

---

कोकणकडा

माझ्या धाकट्या भावाचं मूत्रपिंड बदललं, आईने दिलं. आता तो बरा आहे. सुरुवातीचे महिने दर काही दिवसांनी "सीएमव्ही पीसीआर", म्हणजे रक्तात सायटोमेगॅलोव्हायरस किती आहे याची तपासणी, करायचो आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या चालू होत्या. आकडा वाढला की घरात कुणी जेवायचं नाही. तेव्हा मला वाटायचं की हा काहीतरी दवाखान्यातून लागणारा भयंकर जंतू असणार. आज कळतंय की तो आईतही असणार, भावातही आधीपासून असेल. मग भावात आधीच होता, त्याच्या टी पेशींना त्याची ओळख होती, तर आईच्या मूत्रपिंडातून आलेल्या विषाणूची काळजी का करायची?

---

शेवंती

@कोकणकडा, भाऊ बरा आहे हे वाचून बरं वाटलं. तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात या सगळ्या विषयाची मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

भारतात बहुतेक प्रौढांमध्ये सायटोमेगॅलो असतो. बहुतेकांना लहानपणीच होतो, आईच्या दुधातून, लाळेतून, आणि कळतही नाही. प्रत्यारोपणानंतर नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून टी पेशी औषधांनी दाबलेल्या असतात, म्हणजे पहाराच कमी झालेला असतो. त्यामुळे जुना विषाणूही उठू शकतो आणि दात्याच्या अवयवातून नवा वाणही येऊ शकतो. सर्वांत जास्त धोका असतो तो दात्यात विषाणू आहे आणि घेणाऱ्यात कधीच नव्हता, अशा जोडीत.

पण टी पेशी धडधाकट असलेल्या माणसालाही सायटोमेगॅलोचा दुसरा वाण होऊ शकतो. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, इथे तसं नाही. का? २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लुईस पिकर यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांवर हे तपासलं. माकडांच्या सायटोमेगॅलोमधला यूएस२ ते यूएस११ हा अख्खा पट्टा कापून काढला, म्हणजे वाटी अडवणारी सगळी प्रथिनं गेली. हा लंगडा विषाणू कोऱ्या माकडांत घातला तर मजेत राहिला, टिकला, गेला नाही. पण ज्या माकडांत आधीच सायटोमेगॅलो होता, त्यांच्यात तो शिरूच शकला नाही. आणि त्या माकडांच्या मारक टी पेशी काढून टाकल्या तेव्हा मात्र शिरला.

मी इतकी वर्षं समजत होते की ही प्रथिनं विषाणूला जन्मभर टिकून राहायला लागतात. तसं नाही. टिकायला तो मुका राहतो. ही प्रथिनं लागतात ती आधीपासून सावध असलेल्या शरीरात नव्याने पाय ठेवायला. तुमच्या आईचा विषाणू तुमच्या भावात नेमका त्याच परिस्थितीत येतो. म्हणून ते पीसीआर. घरात जेवण न जाण्याचे ते दिवस मी दवाखान्याच्या बाजूने पाहिले आहेत, तुमच्या बाजूने कसे असतील याची कल्पनाच करते.

---

सोनचाफा

धन्यवाद सगळ्यांना. आईला ६२ पूर्ण झाली, तिने लहानपणी कांजिण्या काढल्या आहेत. नागिणीची लस घ्यावी का? विषाणू इतका लपत असेल तर लस काय करणार? आणि या सगळ्या अभ्यासातून औषध म्हणून काही हाती आलंय का?

---

शेवंती

@सोनचाफा, लस घ्यावी का हे आईच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण ती काय करते ते सांगते. शिंग्रिक्स २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि २०२३ पासून आपल्याकडे मिळते. पन्नाशीनंतरच्यांसाठी, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. तिच्यात जिवंत विषाणू नाही. त्याच्या आवरणातलं ग्लायकोप्रोटीन ई हे एकच प्रथिन आहे, आणि प्रतिकारपेशींना जोराने हलवणारं एक मिश्रण, ज्यातला एक घटक चिलीमधल्या क्विलाया या झाडाच्या सालीतून येतो. विषाणू नाही म्हणजे वाटी अडवणारं प्रथिनही नाही. मज्जातंतूतला मुका विषाणू ही लस काढू शकत नाही. कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं म्हातारपणीही रक्तात असतात, पण त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी वयाबरोबर ओसरतात आणि नागीण त्याच फटीतून येते. लस ती फौज पुन्हा भरते. पन्नाशीपुढच्यांवरच्या मोठ्या चाचणीत नागिणीचं प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांनी घटलं होतं. आत्याला नागीण होऊन गेली तरी पुढे घेता येईल असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, फोड पूर्ण बरे झाल्यावर.

औषधाचं म्हणाल तर एक सरळ उदाहरण त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाचं. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं टी-वेक हे औषध म्हणजे चक्क हर्पिस सिम्प्लेक्स-१च आहे, गाठीत टोचायचा. चेतापेशींत त्रास देणारं जनुक त्यातून काढलं आहे आणि आयसीपी४७ही. टॅपचं दार उघडं राहतं, कर्करोगाच्या पेशीचे तुकडे वाटीत बसून बाहेर येतात आणि टी पेशी गाठीवर तुटून पडतात.

दुसरं उदाहरण अजून माकडांतच आहे, पण मला तेच जास्त अस्वस्थ करतं. पिकर यांच्याच गटाने माकडांच्या सायटोमेगॅलोत एचआयव्हीचा चुलतभाऊ असलेल्या एसआयव्हीचे तुकडे भरून लस केली. लस दिलेल्या माकडांपैकी सुमारे निम्म्यांनी एसआयव्ही इतका घट्ट आवरला की पुढे तो शोधूनही सापडेना. उरलेल्यांना काहीच फायदा नाही. मधलं काही नाही. नंतर दिसलं की या माकडांच्या मारक टी पेशी नेहमीची वाटी बघतच नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच एसआयव्हीचे तुकडे बघत होत्या ते एचएलए-ईच्या माकडातल्या जोडीदारावर, एमएचसी-ईवर. वर @नदीकाठ यांना सांगितलेलं यूएल४० आठवा. त्या यूएल४०चा माकडांच्या विषाणूतला भाऊबंद कापून टाकला, तेव्हा एमएचसी-ई बघणाऱ्या टी पेशी तयारच झाल्या नाहीत आणि लस निकामी ठरली. एनके पेशीला गप्प करायला जी वाटी विषाणूने भरून दारात ठेवली होती, तीच बघायला इथे टी पेशी शिकल्या होत्या.

उद्या आत्याकडे जाते आहे. फिल्मचा फोटो फोनमध्ये आहे, तिला ती खाली सरकलेली पट्टी दाखवायची आहे.